वरच्या ओठाचं माप

कर्कटकचं म्हणणं असं, की अर्कचित्र काढायला बोटांत कला असावी लागते हा लोकांचा गैरसमज आहे. ती साधी वजाबाकी आहे.

"समोरच्याच्या चेहऱ्यातून सरासरी चेहरा वजा करायचा," तो जेवता जेवता समजावून सांगे. "उरेल त्याला गुणायचं आणि परत मिळवायचं. नाक सरासरीपेक्षा चार मिलिमीटर लांब असेल तर आठ काढायचं. माणूस ओळखू येतोच. न येऊन जाईल कुठे?"

"आणि कितीनं गुणायचं?" ताईनं विचारलं.

"नातेवाइकांना दीडनं. मित्रांना दोननं. ज्यांची पुन्हा गाठ पडायची नाही त्यांना तीननं."

"म्हणजे शेवटी भीतीनं भागायचंच," ताई म्हणाली आणि ताट उचलून गेली.

'कर्कटक' हे नाव तिनंच ठेवलेलं. शाळेच्या कंपासपेटीतलं ते दोन टोकदार पायांचं कर्कटक तो शर्टाच्या खिशात पेनासारखं लावून हिंडायचा. कुणी भेटलं की हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचा. लोक आधी बिचकत, मग थांबत. अशा एकशे बारा माणसांची मापं त्याच्या वहीत होती. दंतवैद्य, बस कंडक्टर, वर्गातली मुलं, मावश्या, आत्या, सगळे. भौतिकशास्त्राची पदवी त्यानं ज्या चिकाटीनं मिळवली त्याच चिकाटीनं ही वही भरली होती. पूर्ण वहीत एकच रकाना रिकामा होता. "वडील. वरचा ओठ: माप उपलब्ध नाही."

कारण वडिलांना मिशी होती. नुसती होती म्हणणं अपुरं आहे. वडील त्या मिशीच्या मागे राहत. ते वजनमापे निरीक्षक होते. शहरातल्या दुकानांचे तराजू तपासायचे, आणि एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराला त्या मिशीखाली काय चाललं आहे याचा थांग लागला नव्हता. मिशी दोन्ही बाजूंना सारखी, पारड्यांसारखी. खाली काय आहे ते आईलाही आता नीट आठवत नव्हतं.

शिक्षण संपल्यावर कर्कटकला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. तो म्हणाला, मला एक वर्ष द्या, मला व्यंगचित्रकार व्हायचंय. प्रयोगशाळेनं वर्षभर जागा राखून ठेवायचं कबूल केलं, कारण त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाचा अर्जच आला नव्हता. वडिलांनी मात्र कागद काढला, समास सोडला आणि अटी लिहिल्या.

"एक. वर्षअखेर अर्जदाराने काढलेले किमान एक चित्र एखाद्याच्या भिंतीवर टांगलेले असावे. नातेवाइकांची भिंत धरली जाणार नाही. दोन. फ्रिज, कपाटाचे दार व सूचनाफलक यांना भिंत समजले जाणार नाही. तीन. दयेपोटी टांगलेले चित्र धरले जाणार नाही."

खाली सही, तारीख. वडिलांनी कधी आवाज चढवला नाही, नको म्हटलं नाही. फक्त त्या कागदावर तो 'अर्जदार' होता, घरात 'हा' होता, आणि कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर वडील म्हणत, "सध्या घरी असतो." चित्रकार हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नव्हता. कर्कटकला मोजायची सवय असल्यामुळे त्यानं तेही मोजलं होतं.

आता वर्ष संपायला सहा दिवस उरले होते. सोमवारी प्रयोगशाळेला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि अटी पुऱ्या झाल्या तरच 'नाही' म्हणता येणार होतं. हिशेब असा, की वर्षभरात त्यानं एक्केचाळीस अर्कचित्रं काढली. चौतीस जण पोट धरधरून हसले आणि त्यांनी चित्र कपाटात ठेवून दिलं. चौघं म्हणाले, हा मी नव्हेच. दोघांनी बोलणं सोडलं. एकानं चित्राची सुबक घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. भिंतीवर शून्य. स्वतःचं नाक दीडपट करून कुणी दिवाणखान्यात लावत नाही, ही गोष्ट वजाबाकीच्या सिद्धांतात बसली नव्हती.

आणि मंगळवारी दुपारी सलूनवाले धाकटे घरी आले.

कोपऱ्यावरचं तीन खुर्च्यांचं सलून थोरल्यांनी काढलेलं. थोरले म्हणजे धाकट्यांचे वडील. थोरले जाऊन सात महिने झाले, धाकट्यांनी पन्नाशी गाठली, पण गिऱ्हाइकांच्या तोंडी ते धाकटेच राहिले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि तीन फोटो टेबलावर ओळीनं मांडले. तिन्हींत थोरले कोर्टात साक्षीला उभे असल्यासारखे बघत होते.

"मला ते हसरे हवेत," धाकटे म्हणाले. "भिंतीवर लावायला. पूर्वी गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी त्यांचं हसू दिसायचं, मग खुर्ची. आता आधी खुर्ची दिसते."

कर्कटकचं लक्ष 'भिंतीवर' या शब्दावर अडकलं होतं. त्याची त्याला नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी तरी अडकलं होतं.

"हसरा फोटो एकही नाही?"

"कॅमेरा दिसला की ते असे व्हायचे. घरात कुणाकडेच नाही."

"मग तुम्ही हसून दाखवता? ते कसे हसायचे ते?"

धाकट्यांनी प्रयत्न केला. तोंडाची कड जराशी हलली आणि तिथेच थांबली. त्यांनी मान खाली घातली आणि फोटो पुन्हा सरळ केले, ते आधीच सरळ असताना.

"मला नाही येत. त्यांच्यासारखं मला कधीच आलं नाही. आता तर साधंही येत नाही."

"काका, तुम्ही काळजी करू नका," कर्कटक म्हणाला. "हसू म्हणजे तरी काय, स्नायूंची हालचाल. आपण मोजून काढू. शनिवारी तुमच्यासमोर बसून पूर्ण करतो."

पुढचे तीन दिवस तो थोरल्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांना गाठत फिरला. प्रत्येकाला हसू आठवत होतं आणि प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. आवाज यायचा नाही, खांदे हलायचे, यावर एकमत होतं. आधी वरचा ओठ एका बाजूनं वर जायचा, मग दुसऱ्या बाजूचा डोळा मिटायचा, हेही ठरलं. पण कुठली बाजू, यावर गाडी अडली. सहा जण म्हणाले उजवा ओठ, पाच जण शपथेवर डावा म्हणाले. त्यातला एक निवृत्त पोस्टमन. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं पत्ते वाचलेत. माझी डावी-उजवी चुकत नाही."

कर्कटकनं रात्रभर डोकं खाजवलं नाही; अंघोळ करताना त्याला उत्तर सापडलं. म्हातारपणी थोरले कात्री ठेवून मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसायचे. खुर्चीत बसलेल्यांना ते आरशात दिसायचे, म्हणजे उलटे. बाकावरच्यांना थेट. त्यानं पुन्हा अकराही जणांना गाठून विचारलं, तुम्ही कुठून बघितलंत? उजवा म्हणणारे सहाही जण बाकावरचे निघाले, डावा म्हणणारे पाचही खुर्चीतले. त्यानं वहीत लिहिलं, "उजवा ओठ वर, डावा डोळा बंद. कालावधी सुमारे चार सेकंद." आणि त्याला वाटलं, काम झालं. इतकी स्वच्छ माहिती त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेतसुद्धा मिळाली नव्हती.

एक गोष्ट त्यानं हिशेबात धरली नाही. ती त्याची स्वतःचीच सवय होती.

चित्र काढताना त्याचा चेहरा पेन्सिलीच्या मागे जायचा. रागावलेला माणूस काढायला घेतला की याच्या भुवया चढत. झोपाळू काढला की पापण्या जड होत. चेहरे काढणाऱ्या बऱ्याच जणांना ही खोड असते म्हणतात. कर्कटकची हाताबाहेर गेलेली होती. एकदा वाचनालयात जांभई देणाऱ्या एका गृहस्थांचं चित्र काढताना त्यानं इतक्या मनापासून जांभया दिल्या, की टेबलावरचे सातही वाचक आणि शेवटी ग्रंथपाल बाई अशी ती लागण पसरत गेली आणि वाचनालय वेळेआधी बंद झालं. त्याला स्वतःला यातलं काहीच कळायचं नाही. तो आतून चित्रात असायचा.

शनिवारी वडील साडेआठला सलूनमध्ये जात. आठवड्याची मिशी. त्यात एका मिनिटाचा फरक पडत नसे. म्हणून कर्कटकनं दहाची वेळ ठरवली. वडिलांसमोर चित्र काढणं त्याला कधीच जमलं नव्हतं, पेन्सिल घाबरायची.

"तुम्ही बघायला जाणार नाही का?" सकाळी आईनं वडिलांना विचारलं.

"भिंतीवर लागलं तर सोमवारी दिसेलच," वडील म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

साडेआठ वाजले, नऊ वाजले. वडील वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते.

कर्कटक दहाला सलूनमध्ये पोचला आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसला. ती जागा रिकामीच असायची. आज तो बसल्यावर शेजारी वाचत बसलेल्या पोस्टमननं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. कर्कटकनं मांडीवर फळी ठेवली, तिच्यावर कागद, कागदाशेजारी वही. समोरच्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरसा. त्यानं डोक्याचा गोल काढला, कान लावले, नाक लावलं. मग वही उघडून तो हसण्याकडे वळला.

याच वेळी वडील आत आले.

त्यांनी कोपऱ्यात बघितलं नाही. म्हणजे इतक्या काटेकोरपणे बघितलं नाही की पोस्टमनला ते जाणवलं. "आज उशीर, साहेब?" धाकट्यांनी विचारलं.

"घड्याळ मागे पडलं होतं," वडील म्हणाले. ज्यांचं घड्याळ बघून गल्लीतले लोक आपली घड्याळं लावत, त्या माणसानं हे सांगितलं आणि मधल्या खुर्चीत मान टेकली.

कर्कटकला यातलं काही कळलं नाही. तो चित्रात होता.

धाकट्यांनी कात्रीनं मिशी सारखी केली, मग वस्तरा घेतला. ओठावरची कड कोरायची म्हणजे नाजूक काम. एक बाजू कोरायची, मान वर करून आरशात बघायचं, दुसरी बाजू जुळवायची. थोरल्यांनी शिकवलेली पद्धत. त्यांनी डाव्या नाकपुडीखाली वस्तरा टेकवला आणि मान वर करून आरशात बघितलं.

आरशात, मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, थोरले हसत होते.

उजवा ओठ वर गेला होता. डावा डोळा मिटला होता. खांदे आवाज न करता हलत होते. मान किंचित एका बाजूला, जशी असायची तशी.

धाकट्यांचे डोळे तिथेच राहिले. हाताला मात्र तीस वर्षांची सवय होती. डोळे थांबले म्हणून हात थांबला नाही. तो आपल्या वाटेनं खाली आला, नाकाखालून थेट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, एकाच ओढीत. रक्ताचा थेंब नाही. काम इतकं सफाईदार झालं होतं, की वडिलांना आधी फक्त थोडं गार वाटलं.

पोस्टमनच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. वडिलांच्या छातीवरच्या पांढऱ्या कापडावर अर्धी मिशी अखंड पडली होती, अजून आकार धरून.

"साहेब," धाकटे म्हणाले. वस्तरा हवेतच होता.

वडिलांनी मान उचलली आणि आरशात बघितलं. उजवीकडे वजनमापे निरीक्षक होते. डावीकडे कुणीतरी वेगळाच माणूस होता, तरुण, थोडा गोंधळलेला, आणि तो हसण्याच्या अगदी बेतात होता. वडील हसत नव्हते. तो माणूस हसत होता.

सलूनमधले सगळे आवाज बंद झाल्यामुळे कर्कटकनं मान वर केली. त्यानं आरशात वडिलांचा चेहरा बघितला. वरचा ओठ, डावी बाजू. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

एखाद्या शहाण्या मुलानं या वेळी उठून वडिलांकडे धाव घेतली असती, नाहीतर दाराबाहेर. कर्कटकनं कागद उलटला. त्याला त्याबद्दल नंतर पुष्कळ विचारण्यात आलं. कागद उलटला, आणि पेन्सिल घाबरली नाही. चाळीस सेकंदांत, खिशातल्या कर्कटकाला हातसुद्धा न लावता, वजाबाकी न करता, त्यानं पाठकोऱ्या बाजूवर वडील काढले. अर्धे मिशीवाले, अर्धे बिनमिशीचे. अर्धे तराजू तपासणारे, अर्धे तराजूत बसलेले.

"तू काय करतोयस?" वडिलांनी आरशातूनच विचारलं.

"काही नाही, बाबा."

"मग तोंड सरळ कर."

कर्कटकनं आरशात बघितलं. त्याचा उजवा ओठ खाली, ताठ, आणि डावा हसण्याच्या बेतात. हुबेहूब वडील. "हे मी नाही करत, बाबा. ते आपोआप…"

"सरळ कर."

पोस्टमननं वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. ते वर्तमानपत्र बराच वेळ हलत होतं.

"दुसरी बाजू काढा," वडील धाकट्यांना म्हणाले. "दोन्ही पारडी सारखी हवीत."

धाकट्यांनी दुसरी बाजू काढली. या वेळी त्यांनी एका हातानं दुसरा धरला होता. काम संपल्यावर ते कोपऱ्यात आले.

"साहेब, माझं चुकलं. पण मला ते दिसले. इथे बसलेले. हा नव्हता, ते होते." मग ते कर्कटकला म्हणाले, "दाखव रे. झालं असेल तर दाखव."

कर्कटकनं कागदाची पहिली बाजू पुढे केली. धाकट्यांनी चित्र दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलं. सगळे थांबले. मापं बरोबर होती, बाजू बरोबर होती.

"नाक त्यांचंच," धाकटे म्हणाले. "कान त्यांचेच."

"आणि हसू?"

धाकट्यांनी कागद उजेडात तिरका केला. हसू कागदावर आलंच नव्हतं. ते सगळं कर्कटकच्या चेहऱ्यावर खर्च झालं होतं; कागदावर नुसता एक ओठ वर गेला होता आणि एक डोळा मिटला होता, दात दुखत असल्यासारखा.

"मी लावतो भिंतीवर," धाकटे शेवटी म्हणाले. "सोमवारचं तुझं ते काम आहे ना, सगळ्या गल्लीला माहीत आहे. लावतो मी."

वडील खुर्चीतून उठले होते. त्यांच्या उघड्या ओठामुळे ते काय म्हणणार हे आधीच कळत होतं, आणि ही गोष्ट त्यांना नवीन होती. "अट तीन," ते हळूच म्हणाले.

"नको, काका," कर्कटक म्हणाला. "बाबांचं बरोबर आहे. हे दयेपोटी होईल. हे ते नाहीत." त्यानं हात पुढे केला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे म्हणणं सोपं गेलं, आणि मग एकदम अवघड झालं. एक वर्ष, बेचाळीस चित्रं, भिंतीवर शून्य.

धाकट्यांनी कागद परत द्यायला उलटला, आणि मागची बाजू त्यांच्यासमोर आली.

आधी काही झालं नाही. मग त्यांचा उजवा ओठ वर गेला. मग डावा डोळा मिटला. मग त्यांचे खांदे हलू लागले, आवाज न करता, आणि मान किंचित एका बाजूला गेली. एक, दोन, तीन, चार सेकंद. कर्कटक मोजत होता. त्याला थांबवता येत नव्हतं.

"थोरले," पोस्टमन म्हणाला.

"काय?" धाकट्यांनी डोळे पुसत विचारलं. "काय झालं?"

त्यांना कुणी सांगितलं नाही. आरसा त्यांच्या पाठीमागे होता. कर्कटकच्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, आणि त्यानं दुसरा कागद मागितला नाही. तो नुसता बघत राहिला.

"हे लावू द्या मला, साहेब," धाकटे वडिलांना म्हणाले. "दया नाही. थोरल्यांनी हे बघितलं असतं ना, तर आठवडाभर ते हसायचे थांबले नसते. माणूस आत आला की आधी हसू दिसायला हवं, एवढंच मला हवं होतं. ते भिंतीवर कशाला, येणाऱ्याच्या तोंडावर दिसेल की."

वडिलांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग "मला विचार करावा लागेल," असं म्हणून हनुवटीवर हात धरून ते घरी गेले. हात हनुवटीपेक्षा थोडा वर होता.

दार आईनं उघडलं. तिनं बघितलं, बाजूला सरकली आणि "या, आत या," म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं. मग पाण्याचा तांब्या देताना म्हणाली, "असे होतात तर तुम्ही. मी विसरलेच होते."

"काय दिसतं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही. जेवायला बसा."

रविवार उजाडला. वडील अटींचा कागद समोर घेऊन बसले होते. ताई जाता-येता डोकावत होती. "सापडली का पळवाट?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मी पळवाट शोधत नाही. परीक्षकाचं चित्र असू नये अशी अट घालायची राहिली आहे. राहिली म्हणजे नाही. आता घालणं म्हणजे तराजूवर अंगठा ठेवणं."

"पण तुम्हाला ते चित्र लागायला नकोय."

वडिलांनी कागदाची घडी घातली. संध्याकाळी कर्कटक वही घेऊन आला. "बाबा, एक माप घेऊ?"

"घे. लवकर घे."

कर्कटकनं कर्कटक टेकवलं. वडिलांनी श्वास रोखून धरला. अंतर पट्टीवर ठेवल्यावर अकरा मिलिमीटर आलं. "सरासरीपेक्षा चार कमी," तो म्हणाला. "म्हणून दात झाकले तरी झाकल्यासारखे वाटत नाहीत. हसल्यासारखं…"

"मला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकाच्या मापात खोट सापडली. तो म्हणाला, साहेब हसताहेत म्हणजे काही हरकत नाही. मी हसत नव्हतो. ओठच तसा आहे. सगळी दुकानं माझ्या पाठीमागे हसायची." त्यांनी ओठाला हात लावला. "मग मिशी ठेवली."

कर्कटकनं वहीत आकडा लिहिला. मग सवयीनं स्वतःचं पान काढून बघितलं. अकरा.

"चित्रात केवढा मोठा फरक काढलायस?" वडिलांनी विचारलं.

"मोजला नव्हता. पण दीडपट असेल."

"तीनपट काढला असतास तर जास्त ओळखू आलो असतो, तुझ्या हिशेबानं."

"तुमची पुन्हा गाठ पडणार होती, बाबा."

वडिलांचा ओठ हलला. आता तो सगळ्यांना दिसत होता.

सोमवारी सकाळी ते कार्यालयात जाण्याआधी तासभर लवकर निघाले. पिशवीत गवंडी वापरतात ती, बुडबुडा असलेली लेव्हलची पट्टी होती. परत आले तेव्हा कर्कटक प्रयोगशाळेला लिहायचं कोरं पत्र समोर घेऊन बसला होता.

"लागलंय," वडील चपला काढत म्हणाले. "आरशाच्या वर, खिळा नवा आहे. दोन मिलिमीटर डावीकडे झुकलं होतं. आता नाही."

"म्हणजे…"

"अटी पूर्ण झाल्या. पत्रावर तारीख घालायला विसरू नकोस." आणि ते आपला उघडा ओठ घेऊन शहरातले तराजू तपासायला निघून गेले.

पुढच्या शनिवारी कर्कटक नवा कागद घेऊन सलूनमध्ये गेला. धाकटे हसतात कसे, ते त्याला एकदा त्यांना दाखवायचं होतं. दारातून आत आलेला एक गृहस्थ मान वर करून आरशाच्या वर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. चित्राच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून थोरले बसले होते, दात दुखत असल्यासारखे. पण ते आता कुणालाच दिसत नव्हतं.

चित्राखाली एक छोटा पुठ्ठा लावलेला होता. समास सोडलेला, अक्षर वळणदार, ओळखीचं.

"सूचना. वस्तरा चालू असताना चित्रकाराने तोंड स्थिर ठेवावे."

खाली सही, तारीख.

कर्कटकनं ते तीनदा वाचलं. मग तो कोपऱ्यात बसला, मांडीवर फळी घेतली आणि सूचनेचं पालन करायचा प्रयत्न केला. समोर आरसा होता, त्यामुळे जमत नाहीये हे सगळ्या सलूनला दिसत होतं. धाकट्यांनी वस्तरा मिटून बाजूला ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पाच मिनिटं थांबा."